विधवा प्रथाबंदीचा ठराव: ग्रामसभेपासून सातबाऱ्यापर्यंत

पंचगंगेकाठच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर विधवा प्रथाबंदीचा ठराव काच लावून टांगलाय. बरोबर शाहू महाराजांच्या फोटोखाली. त्या भिंतीपासून चार घरं सोडून एक तरणा माणूस वारला, आणि आम्ही पोचेपर्यंत त्याच्या बायकोच्या हातात एकही काकण उरलं नव्हतं. उजव्या मनगटावर काच लागून चिरलं होतं, त्यावर कुणीतरी हळद दाबली होती. ज्या काकींनी ग्रामसभेत ठराव मांडला, त्या तिच्या शेजारीच बसलेल्या. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "पाहुणं आलं गडहिंग्लजासनं. कुणी कुणाला इचारलंच न्हाई, ताई."

कोल्हापुरात बायकांच्या हक्कांचं काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत मी आहे. ठराव झालेली आणि न झालेली, दोन्ही तऱ्हेची गावं फिरून जे हाताशी आलं ते इथं लिहितेय. बचत गट, तरुण मंडळ, महिला संस्था, ज्यांना आपल्या गावात हे काम धरायचंय त्यांच्यासाठी.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातली आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या आठवड्यात, हा ठराव केला. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे हा विषय घेऊन गावोगाव बोलत होते. हेरवाडनं तो उचलला. त्याच महिन्यात, १७ मेला, राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. मग ठरावांची लाट आली. लाट आली की फोटो निघतात, सत्कार होतात. माझा अनुभव असा की ठरावाला एक तास पुरतो, आणि खरी परीक्षा मयत झाल्यावरच्या पहिल्या तीन तासांत आणि पुढच्या तेरा दिवसांत होते. काकणं फुटतात तेव्हा सगळ्यांचं लक्ष मनगटाकडं असतं. ती बाई कोपऱ्यात बसलेली असताना बाहेरच्या सोप्यात कागद कुणाच्या हातात आहेत, हे कुणी बघत नाही. आम्हीही पहिली दोन वर्षं बघितलं नाही.

आधी दोन महिने नुसतं ऐका

गावात जाऊन पहिल्याच बैठकीत ठरावाचा मसुदा काढू नका. आधी हे शोधा की तुमच्या गावात हे नक्की करतं कोण. बहुतेक ठिकाणी काकणं फोडणारी बाई स्वतः विधवा असते, वयस्कर असते आणि मायाळूही असते. ती खलनायिका नाही. एका आजींना मी विचारलं, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "माझ्या फोडल्या तवा मी एकोणीस वर्साची. आमाला काय हौस हाय व्हय?" ही आजी तुमच्या बाजूला आली तर निम्मं काम झालं. तिला दुखावून पुढं गेलात, तर ठराव कागदावर राहील आणि मयताच्या घरी तिचाच शब्द चालेल.

म्हणून पहिले दोन महिने अशा आजी, मावशी, आक्का यांच्या घरी जायचं. चहा प्यायचा. त्यांचं काय झालं ते त्यांच्या तोंडून ऐकायचं. भाषण द्यायचं नाही. 'प्रथा' हा शब्दही मी घरात काढत नाही. 'पांढरं कपाळ', 'काकणं', 'डोरलं', 'जोडवी' असे त्यांचे शब्द वापरते.

सोबतीला गावातल्या एकल महिलांची यादी करा. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना घरोघरची माहिती असते. यादीत नवरा कधी वारला, जमीन किंवा घर कुणाच्या नावावर, पेन्शन चालू आहे का, एवढंच लिहा. ही यादी गटातल्या दोघींपलीकडं जाऊ देऊ नका. पहिल्याच वर्षी आमची यादी व्हॉट्सॲपच्या गावगटात गेली आणि एका मुलीच्या सासऱ्यानं तिचं बैठकीला येणं बंद केलं. चूक आमची होती.

पुरुषांकडं जाताना इतिहास सोबत न्या. कोल्हापुरात तो हुकमी चालतो, आणि खराही आहे. शाहू महाराजांनी संस्थानात १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला, १९२० मध्ये देवाला मुली सोडण्याच्या चालीविरुद्ध कायदा केला. कायद्यांपेक्षा सोनतळीची गोष्ट मात्र जास्त लागू पडते. १९१८ मध्ये महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत वारले. मागं राहिलेल्या कोवळ्या वयाच्या सुनेला, इंदुमतीदेवींना, महाराजांनी कोपऱ्यात बसवलं नाही. सोनतळीच्या कॅम्पवर त्यांच्या शिक्षणाची सोय केली. भावकीतल्या एखाद्या आप्पांना हे सांगितलं की ते थोडा वेळ गप्प बसतात. त्या वेळात पुढचं बोलून घ्यायचं.

ग्रामसभा

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, हे महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्यातच आहे. बऱ्याच गावांत ती फक्त रजिस्टरवर होते. तुम्ही ती खरोखर घ्या. विषय तिथंच मंजूर करून घ्या आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर टाकायला ग्रामपंचायत अधिकाऱ्याला लेखी द्या. ग्रामसेवकाचं नवं नाव हेच आहे, गावात मात्र अजून भाऊसाहेबच म्हणतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. ग्रामसभेची नोटीस किमान सात दिवस आधी निघते, तेव्हा त्याच्या आधीच तुमचा अर्ज पोचला पाहिजे. 'आयत्या वेळच्या विषयात घेऊ' असं कुणी म्हणालं तर मानू नका. आयत्या वेळी माणसं उठून जायला लागलेली असतात.

गणपूर्ती म्हणजे सभा चालायला लागणारी कमीत कमी हजेरी. ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती संख्या. मोठ्या गावात शंभर बायका एकट्याच गणपूर्ती भरून काढू शकतात. आम्ही हे एकदाच जमवलं, ऊसतोडीचा हंगाम नव्हता म्हणून. म्हशींच्या धारा आणि दूध संस्थेची वेळ बघूनच सभेची वेळ मागा. सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी सहाला डेअरीच्या रांगेत असलेली बाई तुमच्या सभेला येणार नाही.

सूचक आणि अनुमोदक दोन्ही बायकाच ठेवा. त्यातली एक विधवा असेल आणि तिची बोलायची तयारी असेल, तर तिलाच बोलू द्या. संस्थेच्या माणसानं माईक हातात घेऊ नये. मीही घेत नाही.

ठरावात काय लिहायचं

बहुतेक ठरावांत 'विधवा प्रथा बंद करण्यात येत आहे' एवढंच असतं. त्यानं मयताच्या दिवशी काहीच अडत नाही. आम्ही आता असं लिहून घेतो:

"पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे यासाठी तिच्यावर कोणीही सक्ती अथवा आग्रह करू नये. काय ठेवावे, काय काढावे हे तिने स्वतः, तिला हवे तेव्हा ठरवावे. तिला शुभकार्यात, हळदी-कुंकवात व ओटी भरण्यात सहभागी करून घ्यावे. मयताच्या घरी भेट देण्यासाठी पाच महिला व दोन पुरुषांचे पथक नेमण्यात येत आहे. निधनानंतर तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीत पत्नी व मुली यांची नावे लागली किंवा कसे, याचा आढावा पुढील ग्रामसभेत घ्यावा."

दुसरं वाक्य नीट वाचा. त्यावर आमच्या गटातच भांडण झालं होतं. काहींचं म्हणणं, कुंकू ठेवलंच पाहिजे असं लिहा. मला ते पटलं नाही. एखादीला नवऱ्याच्या नावाचं डोरलं नको असेल, मारहाण सोसून वीस वर्षं काढली असतील, तर तिला ते घालायला लावणारे आपण कोण? सक्ती उलट्या बाजूनं झाली तरी सक्तीच.

हेही ध्यानात ठेवा की ठराव म्हणजे कायदा नव्हे. तो मोडला म्हणून कुणाला दंड किंवा तुरुंगवास होत नाही. गावकीनं ठरवलेल्या गोष्टीचं वजन मात्र असतं, आणि पथकाला दारात उभं राहायला हक्काचा कागद मिळतो. सभा संपताच इतिवृत्तावर सह्या झाल्या का बघा आणि ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या. भिंतीवर लावायच्या आधी पाच झेरॉक्स पथकाच्या पिशवीत गेल्या पाहिजेत.

मयताचा दिवस

बातमी बहुतेक पहाटे येते. पथकातल्या किमान तिघींनी अर्ध्या तासात पोचायचं. पुढचं सगळं घाईचं असतं, म्हणून कामं आधीच वाटून ठेवा.

एकजण फक्त त्या बाईजवळ बसते आणि उठत नाही. हे काम सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत महत्त्वाचं. ती रडत असेल, बेशुद्ध पडत असेल, तिला पाणी पाजायचं. गर्दीतून एखादी पुढं सरकली की हळूच तिचा हात आपल्या हातात धरून ठेवायचा. खरं सांगायचं तर आमचं निम्मं यश असं हात धरून बसण्यात आहे.

दुसरी त्या घरातल्या थोरल्या बाईशी बोलते. सासू, थोरली जाऊ किंवा नणंद. बाजूला घेऊन, दबक्या आवाजात. "वैनी, गावानं ठरवलंय, तिच्या मनाविरुद्ध नको" एवढं पुरे. तिथं कायदा, हक्क, समानता काहीही बोलू नका. त्या घरात माणूस गेलाय.

तिसरी पाहुण्यांची वाट बघते. आमच्या त्या पंचगंगेकाठच्या गावात गफलत झाली ती इथंच. माहेरचे आणि परगावचे पाहुणे येतात, त्यांना ठराव माहीत नसतो, आणि 'आमच्यात असंच असतं' म्हणत ते सरळ आत जातात. आता आम्ही दोन पुरुष गल्लीच्या तोंडाशी उभे करतो. पाहुणे उतरले की ते आधी पाणी देतात आणि मग सांगतात, "गावचा ठराव झालाय, तेवढं सांभाळून घ्या." भावकीतल्या माणसानं सांगितलं की पाहुणा ऐकतो. आम्ही सांगितलं की वाद होतो.

कधी कधी ती बाईच म्हणते, "काढा, माझं काय राह्यलंय आता." अशा वेळी भांडू नका. तेवढंच म्हणा, "आज नको. उद्या ठरव." मंगळसूत्र दोन महिन्यांनी काढता येतं. तोडलेलं मात्र परत जोडता येत नाही.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी आणि दहाव्याला पुन्हा जा. पहिल्या दिवशी टळलेलं बरंच काही दहाव्याला नदीवर घडतं, कारण तेव्हा पथक गाफील असतं.

मुस्लिम घरांत इद्दतीचा, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं पाळायचा ठरावीक काळ असतो आणि वारसाहक्काचे नियमही वेगळे आहेत. तिथं त्याच समाजातल्या बाईला पुढं ठेवा. खाली वारसाचं जे लिहिलंय ते हिंदू वारसा कायद्याचं आहे. तो जैन, लिंगायत, बौद्ध कुटुंबांनाही लागू होतो.

तेरा दिवस सही नाही

एवढं एक वाक्य पथकातल्या प्रत्येकीनं पाठ करावं, आणि त्या बाईच्या कानात पहिल्याच दिवशी सांगावं. कुठल्याही कागदावर तेरा दिवस सही किंवा अंगठा नाही. कोऱ्या स्टँपवर तर कधीच नाही.

दहाव्या-बाराव्याला, पाहुणे जमलेले असतानाच, 'सोसायटीचं काम आहे', 'बँकेत द्यायचंय', 'पोराच्या नावावर करायचंय' असं म्हणत कागद पुढं येतात. त्यात कधी वारसांचं प्रतिज्ञापत्र असतं आणि त्यात तिचं आणि मुलींचं नावच नसतं. कधी हक्कसोडपत्राची, म्हणजे तिनं आपला वाटा सोडल्याच्या कागदाची तयारी असते. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवल्याशिवाय जमिनीवर चालत नाही, तेव्हा घरात बसून सही घेणाऱ्याला 'ऑफिसात जाऊन करू' म्हटलं की बऱ्याचदा विषय तिथंच थांबतो.

कायदा साधा आहे. नवऱ्यानं मृत्युपत्र केलं नसेल तर त्याच्या वाट्याच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस आहेत, आणि प्रत्येकाला सारखा वाटा मिळतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानंच हिस्सेदार झाली. वडील २००५ आधी वारले असतील तरी तिचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. 'ती उद्या दुसरं लग्न करील, मग जमीन कशाला' हे वाक्य हमखास ऐकू येतं. उत्तर असं: वाटा नवरा वारला त्याच क्षणी तिचा झाला. नंतर लग्न केलं म्हणून तो परत जात नाही.

आता कागद. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करा आणि दाखल्याच्या सहा-सात प्रती घ्या, प्रत्येक ठिकाणी एक लागते. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं द्यायचा. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही देता येतो. नोंद धरली की हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद, मंजूर करतो. फेरफारात नाव नसेल तर हरकत त्याच पंधरा दिवसांत लेखी द्या. जुनी वारस नोंद राहून गेलेली घरंही यादीत धरा. सरकारनं २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' ही मोहीम याचसाठी काढली होती, इतकी मेलेल्या माणसांची नावं सातबाऱ्यावर साचली होती.

घराचं विसरू नका. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठला असते, आणि तिथं ठराव करणारी ग्रामपंचायतच बसलेली असते. तेव्हा हे काम आधी मागा.

मग आपल्या भागातल्या खास गोष्टी. ऊस नवऱ्याच्या नावावर नोंदलेला असतो, बिल त्याच्या खात्यात पडतं. कारखान्याचा शेअर, विकास सोसायटीचा शेअर आणि कर्ज, दूध संस्थेचं खातं, सगळं त्याच्या नावावर. म्हशीच्या धारा ती काढते, दुधाचं पासबुक त्याचं! हे पासबुक आम्ही सगळ्यांत आधी तिच्या नावावर करून घेतो, कारण दुधाचं बिल लगेच येतं आणि हातात चार पैसे आले की तिचा आवाज बदलतो. कारखान्याच्या शेअरला नॉमिनी दीर असेल तर घाबरू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांच्या वतीनं घेणारा.

योजनांचं थोडक्यात. शेतकरी सर्पदंशानं, विजेच्या धक्क्यानं किंवा अपघातानं गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून २ लाख रुपये मिळतात. पण अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं जावा लागतो, आणि पंचनामा व शवविच्छेदन नसेल तर दावा अडतो. दुःखात कुणी 'चिरफाड नको' म्हणतं, तेव्हा हे हळूच सांगणारं माणूस हवं. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये, त्याला वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आतलं लागतं. दोन्हींचे अर्ज तहसील कार्यालयात.

हळदी-कुंकू

संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत गावात रोज कुठंतरी हळदी-कुंकू असतं. तिथं तिला बोलावणं हे वाटतं तेवढं सोपं नाही. नुसतं 'सगळ्या या' असं जाहीर केलं की त्या येत नाहीत. आल्या तरी दाराशी बसतात, आणि कुंकवाचा करंडा त्यांच्यापाशी आला की हात थबकतो. ज्या घरात कार्यक्रम आहे तिथल्या बाईनं स्वतः जाऊन आदल्या दिवशी सांगायला हवं. आम्ही एका गावात उलटं केलं. कुंकू लावायचं काम एका विधवा मावशींकडं दिलं, सगळ्यांना त्याच लावणार. पहिल्या दोघी-तिघींनी कपाळ पुढं करायला वेळ घेतला. सरपंचांच्या आईंनी मात्र पुढं सरकून पदर सावरला आणि म्हणाल्या, "लाव गं." पुढं रांग लागली.

अडवलं तर

घराबाहेर काढायची भाषा सुरू झाली तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा विधवेलाही लागू आहे. सासरच्या घरात राहण्याचा तिचा हक्क त्यात आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तातडीला ११२, सल्ल्याला १८१. पोलिसांचं नाव मात्र पहिल्याच दिवशी काढू नका. काढलंत तर पुढच्या मयताला तुम्हाला कुणी कळवणार नाही.

संस्था नोंदवावी का, हा प्रश्न लोक फार लवकर विचारतात. या कामाला नोंदणी लागत नाही. रिक्षाभाडं, झेरॉक्स, स्टँप एवढाच खर्च, तो बचत गटातून निघतो. देणग्या घ्यायच्या ठरल्या तरच सात जणी जमवून धर्मादाय कार्यालयाची पायरी चढा. एकदा नोंदवली की हिशेब तपासणी दरवर्षी आलीच.

वही

पथकाकडं शंभर पानी एक वही हवी. प्रत्येक मयताला एक पान. वर तारीख, बाईचं नाव, पथकातलं कोण गेलं. खाली पाच रकाने: तिच्या मनाविरुद्ध काही झालं का, मृत्यू दाखला, नमुना आठ, दूध-ऊस-सोसायटीची खाती, सातबारा. काम झालं की समोर तारीख टाकायची, टिकमार्क नको. प्रत्येक ग्रामसभेत नावं न घेता आकडे वाचून दाखवायचे: इतकी मयतं, इतक्या ठिकाणी पथक पोचलं, इतक्या जणींची नावं सातबाऱ्यावर लागली. वही सुरू केल्यावर पहिल्या वर्षी अकरा पानं झाली. काकणं नऊ ठिकाणी वाचली. सातबाऱ्याच्या रकान्यात तारीख तिघींच्याच. उरलेल्या आठ पानांचे कोपरे दुमडून ठेवलेत, दर महिन्याच्या बैठकीत वही तिथंच उघडते.